प्रवाळभूमीवरचा नांगर

दक्षिण पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या ईशान्येस, वायव्येकडून आग्नेयेकडे सुमारे १,५०० किलोमीटर पसरलेला तुआमोतु नावाचा जो द्वीपसमूह आहे, त्यातील पाऊणशेच्या घरातील बेटांपैकी जवळजवळ प्रत्येक बेट हे कंकणद्वीप आहे. मध्ये डोंगर, उतारावर झाडी आणि पायथ्याशी किनारा असे जे बेटाचे चित्र आपल्या मनात असते, त्यातले तेथे काहीच नाही. मध्यभागी निळ्या-हिरव्या पाण्याचे विस्तीर्ण खारकच्छ, त्याच्या भोवती प्रवाळांची अरुंद भिंत, आणि त्या भिंतीवर जेथे जेथे वाळू व प्रवाळांचा चुरा साचला तेथे तेथे माडांनी भरलेली, ‘मोतू’ म्हणवली जाणारी लहानलहान बेटे, एवढाच काय तो जमिनीचा पसारा. समुद्रसपाटीपासून या जमिनीची उंची तीन-चार मीटरांहून क्वचितच अधिक भरते. मार्केसास बेटांवरून निघून चार-पाच दिवस व्यापारी वाऱ्यांच्या जोरावर शिडाची नौका हाकीत आलेल्या नाविकाला मागे टाकलेली शिखरे पुष्कळ दूरवरून दिसत राहिलेली असतात; पण तुआमोतुचा माड आठ-दहा मैलांच्या आत आल्याखेरीज नजरेस पडत नाही, आणि रात्रीच्या अंधारात भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज कानी येतो तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

म्हणूनच १७६८ साली या मुलखाजवळून गेलेल्या बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याने या समूहाला ‘धोक्याचा द्वीपसमूह’ असे नाव दिले आणि ते नाव नकाशांवर दीर्घकाळ टिकले. त्याच्याही आधी, १७२२ मध्ये, याकोब रोगेव्हेन या डच कप्तानाच्या तीन जहाजांपैकी एक टाकापोतोच्या भिंतीवर चढून निकामी झाले होते. आणि थोर हायरडाल नावाचा नॉर्वेजियन साहसवीर व त्याचे पाच सोबती पेरूहून १०१ दिवस वाहत आले तो ‘कॉन-टिकी’ तराफाही ७ ऑगस्ट १९४७ रोजी अखेर याच समूहातील रारोइया कंकणद्वीपाच्या भिंतीवर फेकला गेला. या भिंतींशी खरा परिचय होता तो तेथील मूळ रहिवाशांचा. माडाच्या काथ्याने फळ्या शिवून बांधलेल्या ‘पाही’ नावाच्या जोडनावांतून ते या सगळ्या जलप्रदेशात वावरत असत. आना बेटाचे उथळ खारकच्छ इतके तेजस्वी हिरवे आहे, की त्याची छटा वरून जाणाऱ्या ढगांच्या तळावर उमटते, आणि बेट क्षितिजाखाली असतानाच त्या हिरवट ढगावरून जाणत्याला दिशा कळते.

उपग्रहांच्या साह्याने स्थान सांगणारी यंत्रे नौकांवर आल्यापासून पूर्वी हा समूह टाळून जाणारे हौशी शिडवाले आता मुद्दाम तेथे जाऊ लागले आहेत. पण आपली नौका पृथ्वीवर कोठे आहे हे कळणे वेगळे आणि नौकेच्या तळाखाली काय आहे हे कळणे वेगळे. पहिले ज्ञान यंत्र देते. दुसरे अजूनही डोळ्यांनीच मिळवावे लागते, आणि नौकेची सुरक्षितता व प्रवाळांचे रक्षण या दोन्ही गोष्टी या दुसऱ्या ज्ञानावर अवलंबून आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही विलक्षण भूमी मुळात झाली कशी, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थोरथोर भूशास्त्रज्ञांना गुंतवून ठेवले होते. बुडालेल्या ज्वालामुखींच्या मुखांच्या कडेवर प्रवाळांनी वस्ती केली की असे वर्तुळ होते, असे चार्ल्स लायेलचे म्हणणे होते. परंतु महासागरात शेकडो ज्वालामुखींची मुखे नेमकी पाण्याखाली थोड्याच अंतरावर, एकाच पातळीला येऊन थांबली असतील, हे पटण्यासारखे नव्हते. चार्ल्स डार्विनला याचे उत्तर सुचले ते दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना, म्हणजे खरी प्रवाळभित्ती त्याने डोळ्यांनी पाहिलीही नव्हती तेव्हा. पुढे ताहिती, आणि एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटे पाहून त्याने आपले अनुमान पारखले आणि १८४२ साली ते ग्रंथरूपाने मांडले. ज्वालामुखीचे बेट समुद्रातून वर येते, त्याच्या किनाऱ्याला प्रवाळ चिकटतात. नंतर युगानुयुगे ते बेट हळूहळू खचत जाते, आणि प्रकाशाच्या ओढीने प्रवाळ मात्र आपल्याच पूर्वजांच्या सांगाड्यांवर वाढत पृष्ठभागाशी टिकून राहतात. अखेर डोंगर पार बुडतो आणि त्याच्या जुन्या किनाऱ्याची रेषा तेवढी प्रवाळांच्या कंकणाच्या रूपाने मागे उरते. कोणा धनिकाने मनावर घेऊन एखाद्या कंकणद्वीपात खोल छिद्र पाडून पाहावे, अशी इच्छा डार्विनने मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, एका पत्रात व्यक्त केली होती. पुढे १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुती या कंकणद्वीपावर असे छिद्र ३४० मीटर खोल जाऊनही चुनखडकच लागत राहिला. पुरावा मिळाला तो १९५२ मध्ये एनिवेटोक कंकणद्वीपावर. तेथे सुमारे १,४०० मीटर प्रवाळजन्य खडक ओलांडल्यावर यंत्राचे टोक काळ्या ज्वालामुखी पाषाणाला भिडले. हिमयुगांत समुद्र शंभराहून अधिक मीटर खाली गेला तेव्हा उघड्या पडलेल्या चुनखडकाला पावसाने झिजवून या कंकणांचा मधला भाग अधिक खोलगट केला, अशी भर पुढच्या संशोधकांनी घातली आहे. परंतु मूळ सिद्धांत आजही उभा आहे.

एवढी प्रचंड भिंत उभारणारा कारागीर म्हणजे काही मिलिमीटर आकाराचा, मृदू शरीराचा, मुखाभोवती स्पर्शिकांचे वलय असलेला प्राणी. त्याच्या शरीरपेशींत एकपेशीय शैवल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते, आणि या मिळकतीवरच प्रवाळ इतका चुना साठवू शकतो. प्रकाश हवा म्हणून भिंत बांधणारे प्रवाळ उथळ पाण्यातच जोमाने वाढतात, आणि ऊब हवी म्हणून ते उष्ण कटिबंधाबाहेर फारसे जात नाहीत. फांद्यांच्या आकाराचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतात. पण भरीव घुमटाच्या आकाराचे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. तुआमोतुच्या खारकच्छात पाच मीटर व्यासाचा असा घुमट पाहिला, तर त्याचा आरंभ आपल्याकडे पेशवाईचा अंमल चालू असताना झाला असावा, असे समजावयास हरकत नाही. हे गणित नांगर टाकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

खारकच्छात शिरावयाचे तर भिंतीला खिंड हवी, आणि ती प्रत्येक कंकणद्वीपाला असतेच असे नाही; तायारो, पुकापुका अशी कित्येक बेटे बंदिस्तच आहेत. ज्यांना खिंडी आहेत त्यांच्या त्या बहुधा उत्तरेला किंवा पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला असतात, कारण वाऱ्याच्या बाजूची भिंत सततच्या लाटांमुळे अधिक जोमाने वाढते. रांगिरोआला तिपुता आणि आवातोरु या दोन खिंडी आहेत. फाकारावाच्या उत्तरेची गारुए ही खिंड फ्रेंच पॉलिनेशियात सर्वांत रुंद, तर त्याच बेटाच्या दक्षिण टोकाची तुमाकोहुआ अरुंद आणि नागमोडी. नवख्या माणसाला वाटते, की भरतीला पाणी आत येईल आणि ओहोटीला बाहेर जाईल, तेव्हा कोष्टक पाहून वेळ मुक्रर केली की काम झाले. वस्तुस्थिती निराळी आहे. या प्रदेशात भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आसपासच असतो. उलट दक्षिणेच्या वादळी समुद्रातून निघालेल्या अजस्र लाटा भिंतीच्या सखल भागावरून अहोरात्र आत कोसळत असतात. खारकच्छ म्हणजे एका बाजूने सतत पाणी ओतले जात असलेले आणि दुसऱ्या बाजूच्या काठाला एकच खाच असलेले ताट समजावे. त्या खाचेतून पाणी बाहेर पडण्याला भरतीची आज्ञा लागत नाही. दक्षिणेची लाट मोठी असली, की खिंडीतून दिवसाचा बहुतेक वेळ बाहेरच ओघ वाहतो, आणि त्याचा वेग ताशी सहा सागरी मैलांच्याही पुढे जाऊ शकतो. शांत पाण्यात यंत्राच्या बळावर ताशी सहा मैल जाणारी नौका अशा ओघात पूर्ण जोर लावूनही जागच्या जागी उभी राहते. त्यातच बाहेरून वारा ओघाच्या विरुद्ध आला, तर खिंडीच्या तोंडाशी उभ्या लाटांची भिंत तयार होते, आणि तीत शिरलेली नौका सुकाणूला दाद देईनाशी होते. शहाणा नाविक खिंडीबाहेर थांबतो, दुर्बिणीतून पाण्याचा पृष्ठभाग न्याहाळतो, आणि पाणी सपाट होऊन पांढरा फेस विरला म्हणजेच पुढे सरकतो. थांबण्याची लाज वाटणाऱ्या माणसाने या मुलखात येऊच नये.

आत शिरल्यावर पाण्याचा रंग हाच नकाशा. गडद निळे पाणी खोल. फिरोजी पाण्याखाली चार-पाच वाव खोलीवरची शुभ्र वाळू. पिवळसर हिरवे झाले की पाणी कमरेइतके उरले. आणि जेथे तपकिरी डाग दिसतो तेथे प्रवाळाचा घुमट जवळजवळ पृष्ठभागाशी येऊन पोहोचलेला असतो. तीस मीटर खोल तळातून असा घुमट एकदम उभा वर येतो, त्यामुळे खोली मोजणारे यंत्र इशारा देते तेव्हा नौका त्यावर पोहोचलेली असते. म्हणून दहा ते दोनच्या दरम्यान, सूर्य माथ्यावर किंवा पाठीशी असतानाच प्रवास करावयाचा, एकाने नाळीवर किंवा डोलकाठीच्या पायऱ्यांवर चढून पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा लावून उभे राहावयाचे, आणि सुकाणूवरच्या माणसाने त्याच्या हाताच्या खुणेवर निमूटपणे विश्वास ठेवावयाचा, हा तेथील रिवाज आहे. मोठा ढग सूर्यासमोर आला तर सगळे पाणी एकरंगी करडे होते, आणि अशा वेळी नौका थांबवून ढग सरण्याची वाट पाहणे हाच मार्ग. मोत्यांच्या शेतांचे तरंगते गोळे आणि पाण्याखाली ताणलेले दोर हे आणखी एक संकट आहे. काळ्या मोत्यांची लागवड येथे १९६० च्या दशकापासून होत आहे आणि सोडून दिलेल्या शेतांची दोरखंडे कोणत्याही नकाशात नोंदलेली नसतात.

आता नांगराविषयी, कारण या सर्व व्यवहारात माणूस प्रवाळांना प्रत्यक्ष स्पर्श करतो तो येथेच. पाच ते आठ वाव पाण्यात, घुमटांच्या मधोमध, वाळूचा एखादा मोकळा पट्टा शोधावयाचा. नौका वाऱ्याला तोंड देऊन थांबली, मागे सरू लागली, की नांगर फेकावयाचा नाही, तर साखळीने हळूहळू उतरवावयाचा. खोलीच्या चौपट-पाचपट साखळी सोडून झाली, की यंत्र उलटे फिरवून नांगर वाळूत रुतवावयाचा. एवढे करून पुष्कळ जण निर्धास्त होतात, आणि खरी हानी त्यानंतर सुरू होते. तळाशी पडलेली वीस-तीस मीटर लोखंडी साखळी वारा फिरला की नौकेबरोबर फिरते. तिच्या वाटेत येणारी प्रत्येक फांदी ती छाटते, प्रत्येक घुमट घासते आणि शेवटी त्याला वेढा घालून बसते. पाच सेंटिमीटर जाड फांदी तुटायला साखळीचा एक झोका पुरतो. हानी प्रवाळाचीच होते असेही नाही. घुमटाला वेढा पडला की सोडलेली साखळी आपोआप आखूड होते. रात्री वारा वाढून लाटा उठल्या की नौकेची नाळ प्रत्येक लाटेला हिसका खाते, साखळीला लवचिकपणा उरलेला नसतो, आणि त्या हिसक्याने लोखंडी साहित्य तुटल्याची उदाहरणे आहेत. खारकच्छाची लांबी साठ किलोमीटर असेल, जशी फाकारावाची आहे, तर वारा उलट फिरल्यावर त्या सगळ्या लांबीवर वाढत आलेल्या लाटा नेमक्या नौकेवर येतात आणि सुरक्षित वाटलेला आसरा काही तासांत मागच्या भिंतीवर ढकलणारा सापळा होतो. अशा वेळी मध्यरात्री घुमटात अडकलेला नांगर उचलावयाचा म्हणजे जिवाशी गाठ.

यावर तेथील जाणत्यांनी काढलेली युक्ती फार सुंदर आहे. मोत्यांच्या शेतांतून सुटून किनाऱ्याला लागलेले प्लास्टिकचे गोळे गोळा करावयाचे. नांगर वाळूत नीट बसला आणि खोलीपेक्षा थोडी अधिक साखळी तळावर पडली, म्हणजे पुढच्या साखळीला दर पाच-सहा मीटरांवर एकेक गोळा अडकवीत जावयाचे. त्या गोळ्यांच्या उचलीने साखळी तळ सोडून पाण्यात तरंगत राहते, घुमटांच्या डोक्यांवरून निर्वेधपणे फिरते, आणि जोराचा वारा आला की ताणली जाऊन हिसके सोसते. प्रवाळ वाचतो तो ज्या उपायाने, नौकाही वाचते ती त्याच उपायाने. आणि समुद्रावरचा कचराही उपयोगी पडतो. यानंतर काचेचा मुखवटा व श्वासनळी लावून पाण्यात उतरावयाचे आणि नांगर डोळ्यांनी पाहून यावयाचे: त्याचे पाते वाळूत पूर्ण गाडले आहे ना, साखळी कोठे घासत तर नाही ना. ही तसदी न घेणाऱ्याला मी नाविक म्हणणार नाही.

श्वासनळी तोंडात धरून पृष्ठभागावर पालथे तरंगण्याला आता सर्वत्र स्नॉर्केलिंग म्हणतात, आणि त्यात कौशल्याचा भाग फारसा नाही. पण खिंडीतील स्नॉर्केलिंगला एक नियम अनुल्लंघनीय आहे. ओघ आत येत असतानाच उतरावे. तेव्हा महासागराचे स्वच्छ पाणी आत येत असते आणि माणूस वाहत गेला तरी खारकच्छातच पोहोचतो. ओघ बाहेर असताना उतरलेला माणूस उघड्या समुद्रात फेकला जातो. लहान होडीचा दोर हाती धरून, होडीसह वाहत जाणे ही तेथील रीत. तुमाकोहुआ खिंडीत असे वाहताना खाली करड्या शार्कांची रांगच्या रांग ओघाला तोंड देऊन जवळजवळ निश्चल उभी दिसते. त्यांची संख्या सहाशेच्या घरात मोजली गेली आहे. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास ठिपकेदार हेकरू मासे अंडी घालण्यासाठी तेथे हजारोंनी जमतात, आणि या यात्रेवरच एवढ्या शार्कांचे पोषण होते. फ्रेंच पॉलिनेशियाचे संपूर्ण जलक्षेत्र २०१२ पासून शार्कांचे अभयारण्य आहे, म्हणूनच हे दृश्य शिल्लक राहिले. पोपटमासा प्रवाळावर दात घासतो तो कुरकुर आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. चावलेला चुना तो वाळू करून मागे टाकतो, आणि मोतूंच्या शुभ्र किनाऱ्यांचा बराच भाग या माशांच्या पोटातून आलेला असतो. अशा ठिकाणी मासा पकडून खाण्याचा मोह मात्र आवरावा. काही सूक्ष्म शैवलांचे विष माशांच्या शरीरात साठून सिग्वाटेरा नावाची विषबाधा होते, ते विष शिजवूनही जात नाही, आणि कोणत्या बेटाचा कोणता मासा निर्धोक हे तेथील कोळीच सांगू शकतात.

नांगराने होणारी हानी टाळणे नाविकाच्या हातचे आहे. समुद्राचे वाढते तापमान हे संकट त्याहून फार मोठे आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवल बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि पाणी वेळीच निवले नाही तर उपाशी मरतो. १९९८ साली हा घाला जगभर पडला, त्यात आपले लक्षद्वीपही होरपळले. जागतिक स्वरूपाचा चौथा घाला एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला. तापलेल्या वर्षातून कसाबसा तगलेला घुमट पुढल्या वर्षी साखळीखाली चिरडला जावा, हे कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही.

कंकणद्वीपांचा हा प्रकार आपल्या देशात लक्षद्वीपमध्ये आहे, आणि तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागतो. महाराष्ट्राच्या वाट्याला कंकणद्वीप नसले तरी प्रवाळ आहेत: मालवणला सिंधुदुर्गाच्या परिसरातील खडकांवर, आणि विजयदुर्गासमोर शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात, सुमारे वीस मीटर पाण्याखाली असलेल्या, आंग्रे घराण्याचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेवर. मालवणला आता हजारो मराठी माणसे स्नॉर्केलिंगला जातात, आणि त्यांना नेणाऱ्या होड्याही कोठे ना कोठे नांगर टाकतातच. तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे, की होडी ठरवताना भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी तांडेलाला एवढे विचारावे, की नांगर कोठे टाकणार. तो वाळूवर टाकणार असेल किंवा कायम बांधलेल्या बोयाला होडी लावणार असेल, तर आनंदाने बसावे. नाहीतर दुसरी होडी पाहावी. पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय टेकू नये आणि तुटलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नये. भिंत बांधणारे सर्व प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तो तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे.